भिंत नसलेलं फाटक

आमच्या शेजारच्या मामांना सगळी गल्ली गेटमामा म्हणते. त्यांची सगळी नोकरी हवाई तळाच्या पोलीस तुकडीत गेली. आता तळ बंद होणार होता आणि तुकडीही. निरोपाच्या कार्यक्रमात वाचायला तुकडीचा इतिहास हवा होता. ते काम माझ्याकडे आलं, म्हणून मी मामांकडे गेलो.

"कुठून सुरुवात करू?"

"फाटकापासून," मामा म्हणाले. "आधी तेच आलं."

खरंच तसं होतं. धावपट्टी नव्हती, भिंत नव्हती, विमान तर नव्हतंच. गवताचं माळरान आणि त्यात आडवा लाल-पांढरा दांडा. विशीतल्या मामांना तिथे उभं केलं होतं. दोन्ही बाजूंनी वारा मोकळा जायचा. माणसांनी मात्र फाटकातूनच जायचं, असा हुकूम.

"आणि हे खुळ्यासारखे शिट्ट्या फुंकायचे!" मामी आतून म्हणाल्या. "मी दुधाची सायकल घेऊन बाजूच्या गवतातून जायची. भिंत होती का हो कुठे?"

"मला दिसत होती."

"ऐकलंस? म्हटलं, लग्नच करावं. याला आणखी काय काय दिसतं ते तरी कळेल." त्या हात पुसत बाहेर आल्या. "पण त्या फाटकातून मी आजवर गेले नाही. हट्ट तो हट्ट."

मामा हसले नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच होतं.

तुकडीची एक रीत होती. पहारा बदलायला आलेला म्हणायचा, "पोस्ट माझी." उभा असलेला म्हणायचा, "पोस्ट तुझी." त्याआधी पाय हलवायचा नाही. धुक्यात चेहरे दिसायचे नाहीत, नुसते हे दोन आवाज. एका वादळात बदलीचा शिपाई पोहोचलाच नाही. मामा उजाडेपर्यंत तसेच उभे राहिले.

"शेवटच्या पहाऱ्यावरच्या पोराला कोण सोडवणार रे?" त्यांनी मला विचारलं. "तो अडकेल तिथे."

मी ते लिहून घेतलं. थट्टा वाटली होती.

पुढे तळाभोवती बांधलेली भिंत निरोपाच्या दिवशी आधीच पाडलेली होती. विटाही उचलून नेल्या होत्या. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात गवत पुन्हा कमरेएवढं दिसत होतं आणि त्यात एकटं फाटक. मी इतिहास वाचला. टाळ्या झाल्या. मग जुना कोट घातलेले मामा उठले आणि फाटकावरच्या शिपायासमोर जाऊन उभे राहिले.

"पोस्ट माझी."

शिपायाने तुकडीच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

"पोस्ट तुमची, मामा," तो म्हणाला आणि शाळा सुटल्यासारखा निघाला.

लोक चहाला गेले. मामा तिथेच राहिले.

"मामा, चला."

"सोडवल्याशिवाय?"

"मी म्हणतो ना, पोस्ट माझी."

"तू तुकडीतला नाहीस, बाळा."

साहेब आले. "मामा, तुकडीच उरली नाही आता," ते हळूच म्हणाले. मामांनी त्यांना कडक सलाम ठोकला आणि तिथेच उभे राहिले. उजेड उतरत चालला. काय करावं, मला सुचेना.

तेवढ्यात गवतातून मामी आल्या. नेहमीसारख्या बाजूने. मध्येच थांबल्या, वळल्या आणि फाटकासमोर आल्या.

"उचला तो दांडा."

मामांनी दांडा उचलला. मामी आत येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"पोस्ट माझी."

"अगं, तू कुठे तुकडीत..."

"जन्मभर तुमची भिंत सांभाळली ती कुणी? हला आता."

मामांनी टाचा जुळवल्या.

"पोस्ट तुझी."

ते निघाले. सरळ गवतातून, जिथे भिंत होती तिथून.

"अहो!" मामी ओरडल्या. "फाटकातून!"

मामा गवतात थांबले. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मामींनी दांडा वरच ठेवला आणि गवतातूनच त्यांच्याकडे गेल्या.