एकही ओरखडा नाही

आमच्या ह्यांचा धंदा गाड्यांचे पोचे काढून रंग मारायचा. खऱ्या गाड्यांचे बरं का! पण तिकडे गॅरेजात गिऱ्हाईक बोंब मारत असतं आणि इकडे हे महाशय बोटभर जीपला ब्रश लावत बसलेले. आमच्या खिडकीचे गज गंजून चाललेत, तिकडे ढुंकून बघणार नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे मुक्कामालाच आलाय.

काचेचं कपाट भरून धातूच्या ओतीव गाड्या आहेत, सगळ्या खेळण्यातल्या, आणि खेळायची कुणाची टाप नाही. पोरं गाडी घेतात आणि खोका भिरकावतात; ह्यांचा जीव खोक्यात. "अगं, खोक्यासकट असली की तिचा मान वेगळा!" म्हणे. माझा मान कुठल्या खोक्यात ठेवलाय, तेवढं विचारायचं राहून गेलंय.

मध्यंतरी वन्सं आल्या, ह्यांची थोरली बहीण. हातात रुमालात गुंडाळलेला लाल ट्रक होता. त्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच तापाने गेला, त्याचा. मामाने, म्हणजे ह्यांनीच, आणून दिलेला. दात येताना पोराने टप चावून चावून रंग उडवला होता, दातांच्या खुणा तशाच होत्या.

"चाक निखळलंय रे, तेवढं बसव," वन्सं म्हणाल्या.

चाक बसलं चुटकीसरशी. मग ह्यांच्या हाताला खाज सुटली. मी नेमकी माहेरी, नाहीतर हात धरला असता! जुना रंग खरवडला, खाचा बुजवायला लांबी भरली, घासलं, लाल रंगाचे हात दिले.

वन्सं न्यायला आल्या त्याच दिवशी मी परतले. ट्रक नुसता लखलखत होता.

"ताई, एक ओरखडा दाखव!" हे छाती फुगवून म्हणाले.

वन्संनी टपावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"नाही रे, एकही नाही." त्यांनी ट्रक हळूच टेबलावर ठेवला. "हा राहू दे तुझ्याच कपाटात."

रिकाम्या रुमालाची घडी घालून त्या निघून गेल्या. तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. असा संताप आला होता मला! पण ह्यांचं तोंड बघितलं आणि गिळून टाकला.

आता ह्यांच्यासारखेच छंदिष्ट घरी येतात, ते आधी त्या ट्रकपाशी थबकतात. "वा! ह्याला पोराचा हातसुद्धा लागलेला दिसत नाही!" म्हणतात. हे मान डोलावतात आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत येतात. पाणी मग मलाच न्यावं लागतं.