भित्रे अप्पा

शिवलिंगअप्पा प्लांटवर रोज वेगळ्या जागी खुर्ची टाकत. फाटकातून आत आले की आधी पाइपाला बांधलेली लाल चिंधी बघायची, वारा कुठून येतोय ते ठरवायचं आणि वारा पाठीवर येईल अशी खुर्ची मांडायची. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न: "वास येऊलालाय का?" मी नांदेडहून नव्याने आलेली केमिस्ट. पहिल्याच दिवशी मी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "भयंकर येतोय." अप्पांचा चेहरा खुलला. "मग बसा ताई. चहा घ्या."

रेणापूरच्या अलीकडे साखर कारखान्याचा चोथा कुजवून गॅस करणारा आमचा प्लांट होता. या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायूही. उंच टॉवरमध्ये दाबाखाली पाण्याने गॅस धुतला की हे दोन्ही पाण्यात उतरतात आणि जळणारा चांगला गॅस वरून निघतो. याला सगळे 'धुलाई' म्हणत आणि अप्पा धुलाईचे सुपरवायझर. तो विषारी वायू थोडा असतो तोवर नाकाला कळतो. फार झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. म्हणून अप्पांचं ठरलेलं वाक्य: "वास हाय तवर देव पाठीशी हाय. वास गेला की पळायचं, चप्पल बी हुडकायची न्हाई."

ते स्वतः तर पळतच. सर्दी झाली की सरळ रजा टाकत. एकदा कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह फुस्सकन सुटला, तर अप्पा अर्धी भाकरी हातात घेऊन थेट डांबरी रस्त्यावर! सगळ्यात जास्त हसले ते ज्ञानोबा आणि महादेव, जवळच्याच खेड्यातले दोघे सख्खे भाऊ. 'भित्रे अप्पा' हे नावही त्यांनीच पाडलेलं. मी एकदा विचारलं, "अप्पा, एवढं का घाबरता?" ते म्हणाले, "भीतीला कारण लागतंय व्हय, ताई? हिंमतीला लागतंय."

धुलाईचं पाणी शेवटी एका झाकलेल्या हौदात येऊन पडे. त्या दिवशी त्यातला गाळ काढायचा होता. "ब्लोअर लावल्याबिगर झाकनाला हात लावायचा न्हाई," असं बजावून अप्पा हवा फुंकणारा तो मोठा पंखा आणायला स्टोअरकडे गेले. ज्ञानोबा दोर आणायला गेला. महादेवला मात्र जेवायच्या आधी काम उरकायचं होतं. गावाकडे विहिरीचा गाळ काढताना आत कंदील सोडून हवा बघतात, मग लिंबाची डहाळी दोराला बांधून खालीवर हलवून हवा खेळती करतात. प्लांटमध्ये कंदील चालत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने झाकण सरकवून नुसती लांब डहाळी हातानेच आत घातली आणि पाणी चांगलं घुसळलं. सोड्याची बाटली हलवावी तसं झालं. पाण्यात मुरलेला वायू फसफसून वर आला.

मी नमुना घ्यायला तिकडेच येत होते. महादेव हसून मला म्हणाला, "वास बी गेला बगा, मॅडम. हवा मोकळी झाली."

"उतरू नको!" म्हणून मी ओरडले, तोवर तो शिडीवर होता. ओरडला नाही, धडपडला नाही. हात सुटले आणि पाण्याचा आवाज झाला.

ज्ञानोबा दोर टाकून धावत आला. तो हौदाच्या तोंडाशी पोचणार, इतक्यात अप्पांनी ब्लोअरचा गाडा सोडून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला घेऊनच खाली पडले. ज्ञानोबाने त्यांना बुक्क्या मारल्या, हाताला कडकडून चावला. "सोडा! भाऊ हाय माझा!" अप्पा थरथर कापत होते, रडत होते. "न्हाई सोडत. तू बी जाशील. ताई, ब्लोअर लावा!" माझ्या हातांना बटण सापडेना, इतकी मी भ्याले होते. हवेचा मुखवटा चढवून माणूस खाली उतरला, तोवर सगळं संपलं होतं.

गावात बोभाटा झाला, अप्पानं महादेवला डोळ्यांदेखत मरू दिलं. ज्ञानोबाने काम सोडलं. बाजारात अप्पा दिसले की तोंड फिरवायचा. अप्पांनीही नोकरी सोडली आणि ते उदगीरला भावाच्या भुसार दुकानात बसू लागले. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "म्या त्याला शानपनानं न्हाई धरलं, ताई. भ्यालो म्हणून धरलं. माझं चुकलं का?" मी म्हटलं, "नाही अप्पा." त्यांनी मान हलवली. "तुमी म्हणून काय उपेग? ज्ञानोबा म्हणल तवा खरं."

यंदा अप्पा हृदयविकाराने गेले. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे खड्ड्यात बसवून माती द्यायची होती. गर्दीच्या मागे ज्ञानोबा उभा होता. अप्पांना आत घ्यायची वेळ आली तेव्हा तो पुढे आला आणि त्यांच्या भावाला म्हणाला, "मी उतरू का?" भावाने त्याला ओळखलं. ते बाजूला सरकले. ज्ञानोबा खाली उतरू लागला. साधी काळी माती होती, तरी माझा जीव घाबरला. त्याने अप्पांना दोन्ही हातांनी कवेत घेतलं, नीट बसवलं, कलणारी मान सरळ केली.

वर आल्यावर तो माझ्याजवळ आला. "भावाची लेकरं अन् माझी लेकरं एकाच ताटात जेवतेत, मॅडम. अप्पानं त्या दिशी धरलं म्हणून. जित्तेपनी सांगायला पायजे होतं त्यास्नी. लई डाव उदगीरला दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत आलो," तो म्हणाला, "अन् भिऊन माघारी गेलो."