एकसुरी मशीन

कॉलेजात मराठीच्या बाईंनी माझ्या निबंधाखाली लाल शाईत एकच शब्द लिहिला: 'एकसुरी'. म्हणजे ना चढ, ना उतार. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच सूर. राग आला, पण शब्द मात्र भारी आवडला. मग काय, नव्याचे नऊ दिवस! आमची भांडुपची चाळ एकसुरी, रोजची आमटी एकसुरी, शेजारच्या काकूंची गाऱ्हाणी तर विचारूच नका.

आणि सगळ्यांत एकसुरी होतं आईचं शिलाई मशीन. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून आई मुलुंडच्या एका दुकानाचे परकर शिवायची. आमची खोली एकच. माझी परीक्षा तोंडावर आलेली आणि दुपारभर कानाशी खडखड, खडखड. "किती एकसुरी गं आई! डोकं उठलं माझं," मी करवादायचे. ती पुढचा परकर सुईखाली सरकवायची.

बाबा तिथेच भिंतीशी पडलेले असायचे. उभा जन्म मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. गिरणी बंद पडली आणि त्यांची झोपच उडाली. रात्ररात्र आढ्याकडे बघत राहायचे. चेहरा ओढलेला. हा माणूस हातचा जातो की काय, अशी आम्हा दोघींना धास्ती.

एका दुपारी पुस्तकातून डोकं वर काढलं, तर परकरांचा गठ्ठा शिवून, बांधून दाराशी ठेवलेला. मशीनवर कापड नव्हतं, सुईत दोरा नव्हता. आई तरी पायडल मारतच होती.

"अगं, रिकामं काय चालवतेस?"

तिने तोंडावर बोट ठेवलं आणि बाबांकडे पाहिलं. ते चक्क घोरत होते.

"मी थांबलंय तर ते जागे होतले," ती पुटपुटली.

स्टोव्ह अजून पेटायचा होता. "सरक, मी बसते," म्हटलं. तिने एक पाय काढला, तिथे मी माझा ठेवला, मग दुसरा. पण माझे पाय कधी घाईला यायचे, कधी रेंगाळायचे. बाबा चुळबुळले.

आई स्टोव्हजवळून हळूच म्हणाली, "असा वरखाली नको गो. तां तुझा काय ता, एकसुरी! तसा मार."

मी तसंच मारत राहिले. बाबांनी कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागले.