फक्कीचा दवाखाना

जो दवाखाना अजून बांधलाच नाही, त्याच्या भिंतीतून कुणी चाललं म्हणून अंगावर धावून जाणारा माणूस अख्ख्या निजामी मुलखात एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. आज मी हे छाती फुगवून सांगतो. तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण मामांनी अडवलेल्यांपैकी निम्मे लोक माझ्या कापडदुकानाचे गिऱ्हाईक होते आणि मामांवरचा राग ते माझ्या धोतरजोड्यांना नावं ठेवून काढायचे.

मामा तामीरातमध्ये, म्हणजे सरकारी बांधकामाच्या खात्यात, परभणीला नकाशे काढायचे. नोकरी संपल्यावर ते देवगाव फाट्यापासून दोन कोस आत असलेल्या आमच्या गावात येऊन राहिले. उंच, वाळकी अंगकाठी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि कमरेला हाताहातावर गाठ मारलेली सुताची दोरी. कुणाच्या घरी गेले की तोंडातून "शरणार्थ" असा नमस्कार निघायच्या आत त्यांची दोरी चौकटीला लागलेली असायची. लग्नाच्या मांडवात शिरले तर नवरानवरीकडे न बघता यजमानाला कोपऱ्यात घेऊन सांगायचे, "पंगत हिकडून बसवू नगा, वाढप्ये एकमेकांवर आदळतेत." आणि यजमानाने ऐकलं नाही तर वाढपी खरोखर आदळायचे. सकाळी तळहातावर लिंग घेऊन, डोळे मिटून पूजेला बसलेले असताना मध्येच पुटपुटायचे, "दार उगवतीला ठेवलं तर?" मामी आतून म्हणायची, "आधी देवाला तर मोकळं करा!"

त्यांची दुसरी खोड तीस वर्षांची. कोणतीही वस्तू आज पुरते का, हे त्यांना महत्त्वाचं वाटतच नसे. "तीस वर्सांनी पुरंल का?" हा त्यांचा सवाल. घरात माणसं दोन, मामा आणि मामी. पण एकदा बाजारातून त्यांनी पाण्यासाठी तांब्याचा असा हंडा आणला की तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. गावभरच्या चौकटी मोजणारा माणूस स्वतःची चौकट मोजायची विसरला होता. पुढे कितीतरी दिवस तो हंडा अंगणातच उभा होता आणि मामी पाहुण्यांना सांगायची, "ह्यांनी तीस वर्सांचा इचार केलता, दाराचा तेवढा राहिला."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका भादव्यात माझी बायको पहिल्या खेपेला अडली. गावातल्या सुईणीने हात टेकले. गाडी जुंपून सेलू गाठायचं आणि तिथून आगगाडीने परभणी, एवढीच काय ती वाट. काळ्या रानातल्या चिखलात चाकं आसापर्यंत रुतत होती, वाटेत ओढ्याला पूर आला म्हणून गाडी काठावर खोळंबली. मामा म्हातारे असूनही गाडीमागून ढोपरभर चिखलात चालत होते, रुतली की खांदा लावत होते. बायको वाचली. लेकरू वाटेतच, रात्रीच्या काळोखात झालं आणि काळोखातच गेलं. लोक येऊन दोन शब्द धीराचे बोलून जात होते, आणि मामा तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाले, "वढ्यापाशी गाडी किती वेळ थांबली व्हती? मला नीट याद न्हाई."

मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात एकदाच. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "वरड बाबा. पर मला अर्जात लिव्हायचंय."

त्यानंतर मामांनी सरकारकडे दरखास्तींचा सपाटा लावला. मोत्यासारख्या उर्दू अक्षरात लिहिलेल्या त्या कागदांत मागणी एकच असे: गावात दवाखाना, आणि त्यात बाळंतिणींची वेगळी खोली. "ती खोली नसंल तर तो दवाखाना न्हाई, नुसती ओसरी हाय," असं ते मला म्हणायचे. खाटा किती लागतील हे ठरवायला ते वही घेऊन पंचक्रोशीत दारोदार फिरले. झालेल्या आजारांची नोंद झाली की पुढे होणाऱ्यांची चौकशी करायचे. एका ठणठणीत म्हातारीला त्यांनी अदबीने विचारलं, "मावशी, तुमच्या घरात पुढं कोण आजारी पडंल असं वाटायलंय?" म्हातारीने खराटा उचलला. "तूच पडशील बग, हितंच, आत्ता!" मामांनी वहीत तिच्या घरापुढे 'प्रकृती उत्तम' असं लिहिलं आणि पुढचं दार गाठलं.

आणि काय सांगू, दवाखाना मंजूर झाला! हैदराबादेहून नकाशा आला तेव्हा मामांनी तो आधी डोळ्यांना लावला आणि मग उघडला. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. दाराला चार पायऱ्या, दार दोन हातांचं, आणि बाळंतिणींची खोली नाही. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांनी पाहिलं, तर गावाबाहेरच्या मुरमाड माळावर मामा चुन्याची टोपली घेऊन फक्की मारत होते. पायाच्या खोदकामाआधी गवंडी आखणी करतात तशी. पण मामांनी अख्खा दवाखाना खऱ्या मापाचा जमिनीवर आखला. मंजूर दाराच्या जागी दोन हातांवर दोन बांबू रोवले आणि पायऱ्यांच्या जागी दगड रचले. मग रोज सकाळसंध्याकाळ तिथे उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला शिस्त लावू लागले. "अवो, भितीतून कामून जायलाव? दार तिकडं हाय!" आठ दिवसांत लोकांना इतकी सवय झाली की डोक्यावर भारा घेतलेल्या बायासुद्धा वळसा घालून बांबूंमधून जायच्या. ऐकत नव्हती ती फक्त पाटलांची म्हैस. पाटलांना तो दवाखाना आपल्या घराशेजारी हवा होता, त्यामुळे म्हशीलाही त्यांची फूस असावी, असा मामांचा पक्का संशय होता.

जागा पाहायला परभणीहून मोठे डॉक्टरसाहेब दौऱ्यावर आले. शेरवानी, रुमी टोपी, मागे चपराशी. सगळा गाव माळावर. साहेब टांग्यातून उतरले आणि तरातरा थेट मामांच्या दिशेने चालत आले. मामांनी वाकून सलाम केला आणि म्हणाले, "हुजूर, आप दीवार में से आ गए. दरवाजा उधर है."

साहेबांनी पायाखालची पांढरी रेघ पाहिली, मामांकडे पाहिलं, आणि निमूट मागे फिरून दोन बांबूंमधून आत आले. "अब ठीक है?"

मामांनी मग बाज मागवली. आमच्याकडे दुखणेकऱ्याला बाजेवर घालून चौघे जण चार खुरांना धरून आणतात, हे हैदराबादेत नकाशा काढणाऱ्याच्या गावीही नव्हतं. "वजनदार माणूस पायजे," असं म्हणत मामांनी गर्दीवर नजर फिरवली आणि ती पाटलांवर थांबली. साहेबांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. पाटील पागोट्यासकट बाजेवर आडवे झाले. चौघांनी उचललं, पायऱ्या चढताना बाज मागे कलली, पाटील सरकत पायथ्याला आले, आणि दारात पोचल्यावर बाजेच्या दोन बाजूंना उभे असलेले गडी बांबूंमध्ये असे अडकले की पुढेही जाईनात अन् मागेही. पाटील वरून ओरडायला लागले, "आरं पडलो की! आडवं धरा, उभं धरा, न्हाईतर मारा एकदाचं!"

साहेब पोट धरून हसले. सगळा माळ हसला. मग हसता हसताच ते थांबले आणि हळू आवाजात मामांना विचारलं, "और जच्चा को? जचगी के वक्त औरत को कैसे लाते हो?"

अडलेल्या बाळंतिणीला कसं आणता, असं साहेब विचारत होते. मामांनी माझ्याकडे हात केला. मी काय सांगितलं ते आठवत नाही. गाडी, ओढा, असं काहीतरी तुटक बोललो असेन. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. म्हणाले, दार साडेतीन हातांचं होईल, पायऱ्या जाऊन उतार येईल, एवढं माझ्या अखत्यारीत आहे. पण खोलीला मंजूर जागेत वाव नाही. गावाने शेजारची जमीन दिली तर ती खोलीही मी मंजूर करून आणतो.

शेजारची जमीन मामांची होती. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांसाठी नकाशे काढले आणि त्या तुकड्यावर स्वतःचं घर बांधायचं मनात धरलं होतं. त्या घराचा नकाशा मामीने इतक्यांदा पाहिला होता की चूल कुठे येणार हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. मामांनी गर्दीत उभ्या असलेल्या मामीकडे पाहिलं. ती पदर नीट करत म्हणाली, "बगता काय? मारा की फक्की." मामांनी टोपली उचलली आणि दवाखान्याची भिंत स्वतःच्या जमिनीत ओढत नेली. ती एकच रेघ तेवढी जरा वाकडी आली.

दवाखाना उभा राहिला. बाळंतिणींच्या खोलीत पुरुषांनी पाऊल टाकायचं नाही, हा नियम मामांनीच सुचवला होता आणि पाटी पण त्यांनीच रंगवली. त्यामुळे झालं असं की, ज्या खोलीचा हातन् हात त्यांना पाठ होता ती चालू झाल्यावर तिचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. ते बाहेर ओसरीवर बसून असायचे, आणि कुणी बाळंतीण लेकरू घेऊन निघाली की तिला विचारायचे, "आत उजेड कसा हाय, बाई?" बाया लाजून, पदर तोंडाला लावून निघून जायच्या. मामा आता नाहीत. निजामी गेली, खात्यांची नावं बदलली, पण ती ओसरी अजून तशीच आहे.

माझी थोरली लेक त्याच खोलीत झाली. दहाव्या दिवशी बायको तिला घेऊन बाहेर आली तेव्हा मामा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी तिलाही तेच विचारलं. ती माझ्या थोरामोठ्यांपुढे कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती थांबली, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "लय हाय, मामा. ह्या बारीला लेकराचं तोंड दिसलं मला."

मामांनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.