मावशींची कोरडी घागर

फासे आणि कागद घेऊन, टेबलाभोवती पात्रं होऊन खेळणाऱ्या मित्रांनो, लोक आपल्या छंदाला पोरखेळ म्हणतात, याचा राग आपल्या सगळ्यांना आहे. आज मात्र मला स्वतःचाच राग आलाय.

बहात्तरच्या दुष्काळावर मी खेळ रचलाय. त्यात खडी फोडायचं सरकारी काम आहे, सोसायटीचा चेअरमन आहे आणि गावाची एकच विहीर आहे. फासा टाकायचा, पडेल त्या आकड्याएवढं पाणी आपल्या कागदावरच्या घागरीत शेंदायचं. वाटलं तर दुसऱ्याला द्यायचं.

आज दुपारी कळंबला आम्ही चौघं खेळत होतो. पाचव्या म्हणून आमच्या ओळखीच्या, बेंबळीच्या म्हाताऱ्या कौसामावशी बसल्या. त्या दुष्काळात त्यांनी खरोखर खडी फोडलेली. पाळी आली तरी त्यांनी फासा उचलला नाही.

"मावशी, पाळी फुकट घालवताय की!" एकजण हसला.

"आमाला विहिरीला शिवू देत नव्हते, बाबा. कुणी वरून ओतलं तरच पानी. मी थांबते, तुमी खेळा."

आम्ही खेळत राहिलो. तीन फेऱ्या झाल्या. आमच्या घागरी भरल्या, मावशींची कोरडीच. पाणी द्यायची मुभा नियमातच होती, तरी एकानंही दिलं नाही. समतेवर भाषणं ठोकणाऱ्या मीसुद्धा नाही!

"लई बरोबर बनवलास खेळ," मावशी म्हणाल्या. "अगदी असंच व्हायचं."

वीस वर्षं खेळतोय, पण असा हादरलो नव्हतो.

मित्रांनो, पुढच्या डावाला तो काळ भोगलेलं एक माणूस टेबलाशी बसवा. ते थांबलं, तर तुमचाही डाव थांबवा.