डब्याच्या झाकणावरचा पियानो

साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक निवृत्त फौजी बसला होता. मांडीवर जेवणाचा चपटा डबा होता आणि त्याच्या झाकणावर खडूने पियानोच्या पट्ट्या आखल्या होत्या. उजव्या हाताची बोटं त्यावर धावायची, एकाच जागी अडखळायची. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

मी नाक खुपसलंच. "काय चाललंय हो?"

"दुपारी पियानोची परीक्षा हाय, आज्जी. पुस्तकात हितं चौथं बोट लिवलंय, आन् माजं ते वाकतच न्हाई." त्याने ताठ अनामिका दाखवली. "मेसमधी सायेब वाजवायचे, तवापास्नं मनात हुतं."

सोळाव्या वर्षी पेटी शिकताना मला एक तान बसेना. 'माझी बोटंच आखूड' असं घरभर जाहीर करून मी पेटीवर जी खोळ घातली, ती पुन्हा काढलीच नाही. दहाही बोटं धडधाकट होती बाईसाहेबांची!

"मग सोडून द्या की," मी मुद्दाम डिवचलं.

"का म्हून? चार चालत्यात की अजून!"

कराडपर्यंत त्याने आधी दुसरं बोट लावून पाहिलं, मग करंगळी ताणली. कराड सुटल्यावर मात्र त्याने तिसऱ्या बोटाखालून अंगठा पुढे सरकवला, आणि हात न अडखळता पार झाला. मग सांगलीपर्यंत तेच, तेच आणि तेच.

उतरताना मी विचारलं, "जमलं ना?"

"डब्यावर जमलं, आज्जी," तो झाकण बाहीने पुसत म्हणाला. "आता पियानोला सांगाय चाललोय."