बीएसएची गुरुवारची फेरी

"लोखंड हाय ते, देव न्हाय!" मथुराबाईंनी तांब्या जमिनीवर आदळला. "माज्या लेकाचा पाय मोडला त्या फटफटीनं, आन् तू तिचीच बाजू घेतीस?"

"फटफटीनं न्हाय मोडला, आत्याबाई. घाईनं मोडला." वच्छला भाकरी थापत होती. एकेका शब्दासरशी भाकरी परातीत गरकन फिरत होती. "डाव्या हाताची बारकी दांडी मागं घेतल्याबिगर किक मारली, तर गाडी उलटा झटका देणारच. ह्यांना काय ठावं न्हाय व्हय? त्या दिवशी इसरले."

"दांडी गेली चुलीत! उद्या सांजच्याला आबासाहेब येतोय गाडी इकत घ्याया. मीच सांगावा धाडलाय. गाडी त्येच्या गळ्यात घाला आन् मोकळं व्हा."

शेजारच्या खोलीत प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून रावजी पडले होते. त्यांनी वर्तमानपत्र हळूच तोंडावर ओढून घेतलं. आई आणि बायको यांच्या मध्ये न बोलता पडून राहण्याची त्यांना सवय होती. आता तर डॉक्टरांनीच पडून राहायला सांगितलं होतं.

रावजींचा धंदा चादरींचा. सोलापुरात विणकरांकडून माल उचलायचा आणि दर गुरुवारी वळसंग, अक्कलकोट, मैंदर्गी अशी फेरी करून दुकानांतून द्यायचा. गाडी बीएसए, लढाईच्या वेळची. लष्करानं मोडीत काढलेली ती गाडी रावजींनी लग्नानंतर वर्षभरात घेतली आणि डाव्या अंगाला साइडकार जोडून घेतली. मथुराबाई त्या साइडकारला डबा म्हणायच्या आणि आजवर एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या.

गेल्या गुरुवारी फेरी चुकली होती. अक्कलकोटच्या शरणप्पानं एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला होता, की या गुरुवारी माल आला नाही तर टेम्पोवाल्याचा माल उतरवून घेतो. सगळ्यांत मोठं दुकान शरणप्पाचं. तो गेला की त्याच्या मागोमाग बाकीचे जाणार, आणि टेम्पोवाला एकदा त्या रस्त्याला लागला की फेरी कायमची त्याची.

आणि गुरुवार उद्यावर आला होता.

"यष्टीनं धाडा की माल," मथुराबाई म्हणाल्या.

"यष्टी काय दुकानादुकानाम्होरं थांबती व्हय? माल मी नेते."

"कशावरनं?"

"बीएसएवरनं."

मथुराबाईंचा आवाज चढला. "बाईमाणूस फटफटीवर! आन् वळसंगातनं जाणार? माहेर हाय तुजं तितं. लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू द्यात. तोंड माजं हाय," वच्छलानं भाकरी तव्यावर टाकली.

पलीकडे वर्तमानपत्र सळसळलं. रावजी हसत होते की खोकत होते, ते कळलं नाही.

वच्छला वळसंगची. माहेरी तिनं बैलगाडीसुद्धा कधी हाकली नव्हती. सासरी आली तेव्हा ती उत्तम चोळ्या शिवायची आणि नवऱ्याशी बोलायला लाजायची. मग अंगणात ही गाडी आली. रावजी रविवारी ती उघडून बसायचे आणि हात काळे झाले की हाका मारायचे. त्या हाकांना ओ देता देता वच्छला नट आवळायचे पाने हातात द्यायला शिकली. इंग्रजी मापाचे ते पाने बाजारात मिळत नसत, म्हणून ती ते चोळीच्या खणात गुंडाळून ठेवायची. तेल गळायला लागलं की लागणारं पॅकिंग तर तीच कापायची. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, झाकणावर दाबून त्याचा ठसा उमटवायचा आणि कात्री चालवायची. चोळीची बाही कापणारीला त्यात अवघड ते काय?

गाडी चालवण्याची गोष्ट मात्र घरात फक्त दोघांना माहीत होती. माल मोजून द्यायला वच्छलाही कधी कधी फेरीला जायची. अशाच एका गुरुवारी परतताना रावजींना हुडहुडी भरली. रस्त्यात माणूस नव्हता. वच्छलानं त्यांना साइडकारमध्ये बसवलं, डोक्यावरचा पदर दातात धरला आणि शहराच्या वेशीपर्यंत गाडी आणली. तीन चाकांवर तोल सांभाळावा लागत नाही, हे तिला त्याच दिवशी कळलं. पुढे रिकाम्या रस्त्यावर रावजी अधूनमधून म्हणायचे, "घे जरा." ती घ्यायची.

संध्याकाळी विजापूर वेशीतले राजेसाब मिस्त्री आले. बीएसएच्या सगळ्या दुखण्यांत तेच धावून यायचे. त्यांनी साइडकारचे बोल्ट आवळले, वच्छलानं चेन सैल आहे का ते पाहिलं.

"भाभी, जाताना काय बी फिकीर नाय. माल रहेगा. पण येताना डबा खाली, एकदम रिकामा. डावं वळण आलं की रिकामा डबा उचलतो, और पूरी गाडी पलटती. वाळूचं पोतं टाका नाय तर माणूस बसवा."

"माणूस कुठनं आणू, राजेसाबभाई?"

"वजनदार पाहिजे," राजेसाब म्हणाले आणि त्यांची नजर ओसरीवर वाती वळत बसलेल्या मथुराबाईंवर गेली. त्यांनी ती लगेच फिरवली. पण मथुराबाईंचे कान तिखट होते.

सकाळी वच्छला गठ्ठे घेऊन अंगणात आली, तेव्हा मथुराबाई आंघोळ करून, कपाळभर कुंकू लावून गाडीशेजारी उभ्या होत्या. हातात त्यांचंच एक नऊवारी लुगडं होतं.

"ह्या गोल साडीचा पदर चाकात जाईल. हे नेस. काष्टा घट्ट घाल."

वच्छला बघतच राहिली.

"बघतीस काय? मी अक्कलकोटला दर्शनाला निघालीया. तू कुटं निघालीस ते तुजं तुला ठावं." आणि चादरींचे गठ्ठे आत ठेवून होताच, त्यांच्यावर पाय दुमडून मथुराबाई अशा बसल्या, की साइडकारची स्प्रिंग कुरकुरली.

वच्छलानं पेट्रोलची तोटी उघडली. डावी दांडी मागं घेतली. खिडकीतून रावजी मान उंचावून बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "घेतलीया दांडी." मग सगळा भार उजव्या पायावर टाकून तिनं किक मारली. दुसऱ्या किकला बीएसए धडधडली. गल्लीतली कुत्री भुंकत बाहेर आली, आणि कुत्र्यांमागून बायका.

शहर मागं पडलं. डांबरी रस्ता नवा होता आणि ट्रकवाले त्याच्या मधोमध चालत होते. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढायची, ब्रेक दाबला की उजवीकडे. वच्छलाचे दंड भरून आले. एक एसटी खेटून गेली, हॉर्न वाजवत, आणि मागच्या काचेतून चेहरेच चेहरे बाहेर बघू लागले.

"काय बघताय रं मुडद्यांनो!" मथुराबाई ओरडल्या. "कामाला निघालोय आमी!"

वळसंग आलं आणि नेमकं बसस्टँडसमोर इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. बंद पडलं.

पारावरची माणसं उठून आली. "अगं, ही तर आपली वच्छला!" कुणीतरी म्हणालं. "ढकलायची का ग, पोरी?" दुसऱ्यानं विचारलं, आणि तिसरा हसला.

वच्छलाचे कान तापले. पण खाली वाकून तिनं कार्बोरेटरवरचं बटण दाबलं. पेट्रोल वर यायला हवं होतं, थेंबही येईना. टाकीत तर आहे, मग उतरत का नाही? तिनं टाकीच्या झाकणाला हात लावला आणि बोटं चिकटली. झाकणावर हळद, कुंकू आणि अंगारा तेलात कालवून जाड थापलेला होता. झाकणाच्या मधल्या बारीक भोकातून टाकीत हवा जाते, तेव्हा पेट्रोल खाली उतरतं. ते भोक लिंपून गेलं होतं.

तिनं झाकण फिरवलं. टाकीनं सूं करून श्वास घेतला.

"आत्याबाई, हे कवा लावलंत?"

मथुराबाई समोर बघत राहिल्या. "पहाटं. दृष्ट लागू ने म्हनून. रावजीच्या टायमाला लावायचं राहून गेलं, म्हनून तर पाय मोडला." मग हळू आवाजात, "लई लावलं व्हय ग?"

वच्छला हसली नाही. हसली असती तर सासू तिथंच उतरली असती. "बाजूला लावायचं. हितं भोक हाय, त्यातनं ती दम घेती."

मथुराबाईंनी अंबाड्यातला आकडा उपसला, झाकण हातात घेतलं आणि डाळीतला खडा काढावा तसं भोक कोरून साफ केलं. उरलेलं कुंकू बोटानं टाकीच्या कडेला लावलं. "आता दम घे म्हनावं."

पहिल्या किकला इंजिन सुरू झालं. हसणारा तिसरा दोन पावलं मागं सरला. पारावरून वच्छलाचा चुलता ओरडला, "येताना घरी या गं! चहाला!" शेणाचं नाव कुणी काढलं नाही.

अक्कलकोटात शरणप्पाच्या दुकानासमोर टेम्पो उभा होता आणि त्याच्यातला पहिला गठ्ठा हमालाच्या डोक्यावर चढला होता. तेवढ्यात वळणाआडून ती ओळखीची धडधड आली. शरणप्पानं हात वर करून हमालाला थांबवलं. "ताळ, ताळ! थांब रे. रावजी आला."

वळणावरून आली ती काष्टा घातलेली वच्छला आणि शेजारी चादरींच्या सिंहासनावर मथुराबाई. शरणप्पा पायरी उतरून पुढं आला. मग जोरात हसला. "बर्री अक्का, या या! रावजी यल्ली, कुठं हाय?"

"पाय मोडलाय त्यांचा. फेरी मोडली न्हाय," वच्छला म्हणाली.

टेम्पोवाला कुरकुरला, तशा मथुराबाई खाली उतरल्या. त्यांनी त्याच्या चादरीचं टोक चिमटीत धरलं, मग आपल्या चादरीचं. दोन्ही टोकं शरणप्पाच्या हातात दिली. त्यानं दोन्ही चोळून बघितली आणि टेम्पोवाल्याचा गठ्ठा परत चढवायला सांगितला.

पुढं मैंदर्गीचाही माल उतरला. मथुराबाईंनी परतीच्या वाटेवर दर्शन घेतलं, वळसंगात उरलेला माल देऊन चहा झाला. आता डब्यात फक्त मथुराबाई होत्या. पहिलं डावं वळण आलं तसा वच्छलानं वेग कमी केला. चाक उचलतं की काय म्हणून तिनं कडेला नजर टाकली. मथुराबाई कुणी न सांगता डावीकडे अर्ध्या बाहेर झुकल्या होत्या, पदर वाऱ्यावर, दात विचकून हसत. चाक रस्त्याला घट्ट चिकटलं होतं.

"भिऊ नगंस!" त्या वाऱ्यातून ओरडल्या. "राजेसाबनं वजनदार माणूस सांगितलंवतं न्हवं? मी हाय की!"

घरी आल्या तेव्हा आबासाहेब रावजींच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसलेले होते. गाडी थांबली तसे ते उठून अंगणात आले आणि टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "आवाज झकास हाय. मग, मावशी, नेऊ का आज?"

खिडकीतून रावजींनी बायकोकडे पाहिलं. वच्छलानं सासूकडे पाहिलं. मथुराबाई डब्यातून उतरल्या, लुगडं झटकलं आणि पायऱ्या चढून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"गाडी इकायची न्हाय. दर बेस्तरवारी वच्छला फेरीला जाणार, आन् डब्यात मी बसणार. आबासाहेब, चहा घेऊन जा."